सूर्य कोणी काढला?

जगदाळे मॅडमच्या शोकसभेत लोक पोट धरून हसले. त्यांचे किस्सेच तसे. कोणी सांगितलं, त्यांनी भिरकावलेला स्टेपलर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली माळ्याच्या पायाशी पडला, तर त्या धावत खाली गेल्या आणि माळ्यालाच झापलं की तू इथे बसलासच का. कोणी सांगितलं, एका परदेशी पाहुण्याच्या व्याख्यानात त्या पहिल्या रांगेतून उठल्या, त्याच्या हातातला पॉइंटर काढून घेतला आणि उरलेलं व्याख्यान स्वतः दिलं. विभागप्रमुख म्हणून शेवटी मी बोललो. मी व्हील पान्याचा किस्सा सांगितला. तो हमखास चालतो.

देवेंद्रची गोष्ट कोणी काढली नाही. ती अर्धी माहीत असलेले सभागृहात सहा-सात जण होते. पूर्ण माहीत असलेला मी एकटा. घरी येऊन बूट न काढताच बसून राहिलो. बायकोने विचारलं, "कसं झालं?" म्हटलं, "छान झालं." आणि हे लपवणं आपण आता किती वर्षं करत आलो आहोत, ते मनात मोजलं.

शालन जगदाळे. घराणं साताऱ्याकडचं, पण वडील सैन्यात सुभेदार असल्याने वाढल्या त्या दिल्ली कॅन्टॉन्मेंटमध्ये. उंची जेमतेम पाच फूट, हात मात्र त्या उंचीला न शोभणारे, रुंद पंजाचे. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, पायांत स्पोर्ट्स शूज, अंबाड्यात लाल पेन्सिल. त्या हिंदीत शिकवायच्या, इंग्रजीत लिहायच्या आणि मराठीत रागवायच्या. राग फारच चढला की कॅन्टॉन्मेंट गळून पडायचं आणि सातारा वर यायचा. विभागात मराठी कळणारा मी एकटा, करोल बागेत वाढलेला. त्यामुळे चूक कोणाचीही असो, बोलणी माझ्याकडे बघून.

"सांग रं ह्याला, बैल आहेस म्हणून. शिंगं तेवढी यायची राहिलीत."

मी त्या पोराकडे वळून म्हणायचो, "मॅडम कह रही हैं, थोड़ा ध्यान से किया करो."

"एवढंच म्हणाले मी?"

"जी मॅडम. सार तेवढंच."

आमचं काम चंद्राचं. चंद्राभोवती फिरणारं यान खालच्या जमिनीच्या लांबट पट्ट्या टिपत राहतं. त्या पट्ट्या आमच्याकडे यायच्या आणि आम्ही त्यांत ज्वालामुखीच्या खुणा शोधायचो. चंद्रावर इथूनही दिसतात ते काळे डाग म्हणजे थिजलेला लाव्हा. तो केव्हाच थंड झाला, असं पुस्तकं सांगतात. मॅडमना ते मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, मोठे उद्रेक थांबल्यावरही कुठे कुठे आतली धग वर येत राहिली असणार, आणि तिच्या खुणा लहान असणार, बारीक नजरेने शोधाव्या लागणार. आयुष्याची पंचवीस वर्षं त्यांनी त्यावर घातली होती. भूशास्त्रातले शब्द त्यांना बेचव वाटायचे, म्हणून त्यांनी आपले केले होते. लाव्हा खालून दाटून जमीन टरारून वर येते, ते गळू. पृष्ठभाग सोलल्यासारखा दिसतो, ती खपली. काळी राख उडून पसरलेली, ती ओकारी. पंजाबी आणि बंगाली मुलंसुद्धा "मैडम, यहाँ एक गळू है" म्हणायची.

"चंद्राला लोक शांत म्हणतात," त्या म्हणायच्या. "शांत कसला? मार खाऊन गप्प बसलाय तो. गप्प बसलेला माणूस आणि शांत माणूस यांत फरक असतो."

पहिल्याच दिवशी त्यांनी मला दोन खड्डे दाखवले होते. "हा बघ. गोल, कडा उचललेल्या. बाहेरून धोंडा येऊन आदळला. बाहेरच्या माराची खूण नेहमी अशी, नीटनेटकी. आणि हा बघ. वेडावाकडा, कडा नाहीत. हा आतून फुटून, आतून रिकामा होऊन पडलेला. मला हे दुसरे हवेत. पहिले पैशाला पासरी मिळतात."

त्याआधी माझी मुलाखत झाली होती. मुलाखत म्हणजे त्यांनी एक फोटो माझ्यासमोर टाकला. "खड्डा की उंचवटा?" मी म्हणालो, उंचवटा. त्यांनी टेबलाला वळसा घातला, माझं डोकं दोन्ही हातांत पकडलं आणि मान मोडेल अशी वाकवली. फोटो न हलवता मलाच उलटं केलं. "आता सांग." आता तो खड्डा होता. माझी मान चार दिवस आखडली होती, पण तो धडा अजून आहे. माणसाचा डोळा मानून चालतो की उजेड वरूनच येतो. उजेड खालून आला की डोळा खुशाल खड्ड्याला टेकडी म्हणतो आणि टेकडीला खड्डा. म्हणून फोटो बघण्याआधी सूर्य कुठे आहे ते ठरवायचं, आणि कागद असा धरायचा की सूर्य वर डावीकडे येईल.

यावरून त्यांनी विभागात एक रीत पाडली होती. सगळं जग पडद्यावर बघत असताना आमच्याकडे प्रत्येक पट्टी कागदावर छापली जायची. ज्याची पाळी असेल त्याने नोंदी बघून सूर्याची दिशा काढायची, कागदाच्या त्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने छोटा सूर्य काढायचा आणि खाली आपली आद्याक्षरं टाकायची. मग मॅडम यायच्या, कागद उचलायच्या आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "सूर्य कोणी काढला?" ज्याने काढला त्याने शाळेतल्यासारखा हात वर करायचा. मॅडम मान हलवायच्या, रजिस्टरमध्ये टिक मारल्यासारखी, आणि मगच बघायला सुरुवात करायच्या. एकदा हात वर झाला की त्या सूर्यावर परत शंका घ्यायच्या नाहीत. ज्याचा हात वर होईल त्याच्यावर त्यांचा असा आंधळा विश्वास असायचा.

व्हील पान्याचा किस्सा असा. मॅडम फरीदाबादला राहायच्या आणि मथुरा रोडने स्वतः गाडी चालवत यायच्या. एकदा मी शेजारी होतो. बदरपूरजवळ मागून एका मोठ्या गाडीने ठोकलं. आतून दोघे उतरले, एकाच्या हातात हॉकी स्टिक. "ए आंटी, गाड़ी चलानी नहीं आती तो घर बैठ." मी "मॅडम, चलो, सोडून द्या" म्हणेपर्यंत त्या डिकीतून व्हील पाना घेऊन त्याच्यासमोर उभ्या होत्या. एक शब्द नाही. त्याच्या गाडीचा डावा दिवा फोडला. उजवा फोडला. मग पाना खांद्यावर ठेवून म्हणाल्या, "अब बोल." तो बोलला नाही. गाडीत परत बसल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर एक टवटवी होती, अंघोळ करून आल्यासारखी. "काच फोडली," त्या मला म्हणाल्या. "माणूस फोडला नाही. फरक लिहून ठेव."

मी लोकांना इथपर्यंतच सांगतो. ती टवटवी सांगत नाही.

आता इतरही सांगतो. त्या मारायच्या. पाठीत धपाटा, डोक्यात गुंडाळलेल्या कागदाचा फटका, कान पिळणं. वयाने तिशीला आलेल्या, बायको असलेल्या माणसांना. मला त्यांनी अकरा वर्षांत किती वेळा मारलं ते आठवत नाही. एकदा पाण्याचा ग्लास फेकला होता, भुवईवर अजून वण आहे. दुसऱ्या दिवशी त्याच हातांनी भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन यायच्या आणि "गिळ" म्हणून पुढ्यात ठेवायच्या. आम्ही यालाच माया म्हणायचो. एकमेकांना वण दाखवायचो. नव्या मुलाला पहिला धपाटा बसला की त्याच्याकडून समोसे घ्यायचो, पास झाल्यासारखे. बाहेर कोणी नाक मुरडलं तर म्हणायचो, अरे यार, तुम्हाला नाही कळणार, सोन्यासारखी बाई आहे. ती होतीही. पण हे सांगताना आम्ही जितके खूष व्हायचो, त्यात काहीतरी वाईट होतं.

वडिलांबद्दल त्या एकदाच बोलल्या. पट्ट्या लावता लावता, मान वर न करता.

"आमच्या क्वार्टरमध्ये बाबांचा पट्टा दाराच्या खिळ्याला असायचा. ते आले की आधी टोपी काढून ठेवायचे, मग पट्ट्याकडे बघायचे. त्या बघण्यावरून आम्ही ओळखायचो आज कोण. घरात ज्वालामुखी एकच, बाकी सगळे खड्डे."

"आणि आई?"

"आई सगळ्यांत जुना खड्डा." मग म्हणाल्या, "एकदा मी तो पट्टा कापला. भाजीच्या सुरीने, बारीक तुकडे. सातवीत होते. बाबांनी तुकडे बघितले, मला बघितलं आणि म्हणाले, ही माझी मुलगी. त्या दिवशी मारलं नाही. इतका अभिमान वाटला मला, मोहन. तो नको होता वाटायला."

मी पुढची पट्टी लावली. माझ्या गप्प बसण्याला त्या समंजसपणा समजायच्या.

त्या वर्षी हिवाळ्यात एक पट्टी आली. काळ्या लाव्ह्याच्या मैदानाचा सपाट तुकडा. त्यात ओळखीचं एकही मोठं विवर नव्हतं. असतं तर शेंबड्या पोरालाही दिशा कळली असती. सूर्य काढायची पाळी देवेंद्र यादवची होती. देवेंद्र रेवाडीचा, सडपातळ, हळू बोलणारा, तीन वर्षं आमच्याकडे होता. त्या दिवशी तो नव्हता. बहिणीचा साखरपुडा होता आणि मॅडमनी रजा नाकारली होती: पट्ट्या येण्याच्या दिवसांत कोणाला रजा नाही. तो न सांगता गेला होता. जाताना मला म्हणाला, "मोहन भैया, सँभाल लेना." मी सांभाळलं. त्याचा सूर्य मी काढला आणि खाली त्याची आद्याक्षरं टाकली, डी. वाय. उपकार करतो आहे असं वाटत होतं. म्हणून घाईही केली. नोंद उघडली नाही. आदल्या पट्टीवर सूर्य जिथे होता तिथेच काढला. कित्येक महिने तो तिथेच तर होता.

पण यान वर्षातून दोनदा स्वतःभोवती अर्धं फिरतं. त्याचं पंख्यासारखं सौर-पॅनल सूर्याकडे राहावं म्हणून त्याला तशी पाठ फिरवावी लागते. त्यानंतर येणारी प्रत्येक पट्टी उलटी असते. हे आमच्याकडच्या शिपायालाही माहीत होतं. यान त्याच आठवड्यात फिरलं होतं.

मॅडम आल्या. "सूर्य कोणी काढला?" मी म्हणालो, "देवेंद्रने. खाली चहाला गेलाय." त्यांनी मान हलवली, कागद धरला, आणि मग किती तरी वेळ हलल्याच नाहीत. सपाट मैदानात अकरा गळवं. लहान, ताजी वाटणारी, टरारलेली. ज्यासाठी पंचवीस वर्षं घातली ते.

ती गळवं इतकी लहान होती की उंची मोजणाऱ्या यंत्राच्या टप्प्यात ती येत नव्हती. थांबून पुढच्या फेरीची पट्टी घ्यायला हवी होती. पण महिन्यावर दिल्लीतली परिषद होती आणि मॅडम थांबायच्या नाहीत. त्या महिन्यात त्यांनी कोणाला मारलं नाही. गुणगुणायच्या. परिषदेच्या आठवडाभर आधी संगणकावर माझ्या नजरेस यानाच्या फिरण्याची तारीख पडली. मी पट्टी काढून तपासू शकत होतो, दहा मिनिटांचं काम. मी तारखेची खिडकी बंद केली. मला त्यांच्या हाताची भीती वाटली, आणि त्या गुणगुणण्याचीही. मारणाऱ्याच्या खोलीत चुका कमी होत नाहीत, लपवल्या जातात.

परिषदेत मॅडम वीस मिनिटं बोलल्या. प्रश्नांच्या वेळी मागून एक तरुण उठला, अगदी अदबीने. त्याच जागेच्या दुसऱ्या फेरीतल्या पट्टीचा फोटो त्याने लॅपटॉपवर आणला होता. तो पडद्यावर लावला गेला. तीच अकरा ठिकाणं. अकरा खड्डे. "मैडम, शायद इमेज उलटी हो गई है." कोणीतरी हसलं. ते हसू पसरलं. पाचशे खुर्च्यांच्या त्या हॉलमध्ये मॅडम पडद्याकडे पाठ करून उभ्या होत्या आणि त्यांचा उजवा हात मुठीत जात होता, सुटत होता.

दुपारी तीनच्या सुमारास आम्ही विभागात पोचलो. देवेंद्र पट्ट्यांच्या लोखंडी कपाटापाशी उभा होता. मॅडमनी कागद काढला, टेबलावर आपटला.

"सूर्य कोणी काढला?"

कोणाचा हात वर झाला नाही. मी तीन फुटांवर होतो. त्यांनी कोपऱ्यातली अक्षरं वाचली. देवेंद्रने कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मैडम, मैं उस दिन..." तो म्हणाला.

पहिला फटका डाव्या कानावर बसला. उघड्या पंजाने, पूर्ण खांद्यातून. आवाज असा की पुढच्या खोलीतले टायपिंगचे आवाज थांबले. दुसऱ्याने तो कपाटावर गेला आणि कपाटाचा कोपरा कपाळाला लागला. तो खाली बसत गेला. तिसरा तो खाली असताना. मग त्यांनी कपाटाचा खण ओढून काढला, पंचवीस वर्षांच्या पट्ट्या, आणि त्याच्यावर उलटा केला. कागदांच्या ढिगातून त्याचा एक हात बाहेर होता. कानातून बारीक धार लागली होती, चंद्रावर पडत होती. मी तीन फुटांवर होतो हे परत लिहितो. एक पाऊल टाकलं असतं तर मध्ये आलो असतो. एक शब्द बोललो असतो तरी पुरलं असतं. मी मुख्य म्हणजे हे बघत होतो की तो वाक्य पूर्ण करतो की काय.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, पडदा फाटलाय आणि आतही इजा आहे, या कानाचं ऐकणं परत येणार नाही. मी त्याच्या उजव्या बाजूला स्टूल ओढून बसलो. म्हणालो, बघ, तू गैरहजर होतास हे कळलं तर फेलोशिप जाईल, खोटी सही म्हणून माझी नोकरीही जाईल. मारल्याची चौकशी होणारच आहे. तुला न्याय मिळेलच. सूर्याचं कशाला काढायचं. डोक्याला पट्टी बांधलेला तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जैसा आप कहो, भैया."

चौकशी समितीने मला तीन प्रश्न विचारले. मारलं का? किती वेळा? आधीही मारायच्या का? मी खरी उत्तरं दिली. हो. तीनदा. हो. सूर्य कोणी काढला हे समितीने विचारलं नाही. मॅडमना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मारलं. तिसऱ्यांदा मारताना तो खाली पडलेला होता, हेही लिहा." समितीतल्या कोणाला ते लिहायचं नव्हतं. त्यांनी लिहायला लावलं. त्यांना सक्तीने निवृत्त केलं गेलं. संस्थेच्या अहवालात एक ओळ छापली गेली: कनिष्ठ संशोधकाकडून दिशेची चूक. देवेंद्रने सहा महिन्यांत संशोधन सोडलं. मॅडमची खोली मला मिळाली, आणि पुढे खुर्चीही.

दर दिवाळीला मी फरीदाबादला फराळ घेऊन जायचो. त्या एकट्याच राहायच्या. त्यांची एक नवी सवय झाली होती. खुर्चीत बसल्या की उजवा हात मांडीखाली दाबून बसायच्या. चहा डाव्या हाताने, पेपर डाव्या हाताने, माझा डबाही डाव्या हाताने घ्यायच्या. शेजारच्या बाई त्यांना म्हणाल्या होत्या, "दीदी, लकवा है क्या?" त्या म्हणाल्या, "हाँ, वही समझो." मी दहा दिवाळ्या तो दाबलेला हात बघितला, चकली खाल्ली आणि परत आलो.

गेल्या जानेवारीत जुन्या पट्ट्यांचं स्कॅनिंग करायला कपाट रिकामं केलं तेव्हा तो कागद हाती आला. कडेला तपकिरी डाग. कोपऱ्यात लाल सूर्य. खाली डी. वाय., आणि त्यातला वाय माझ्या अक्षरातला, शेपूट वळवलेला. मी आठ दिवस तो बॅगेत घेऊन फिरलो. नवव्या दिवशी मेट्रोने फरीदाबादला गेलो.

मॅडम बाल्कनीत उन्हाला बसून मटार सोलत होत्या. एका हाताने. निम्मे दाणे खाली घरंगळत होते.

"दिवाळी नाही आज," त्या म्हणाल्या.

मी कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. "मॅडम, हा सूर्य मी काढला होता."

त्यांचा डावा अंगठा शेंगेतच थांबला. मग त्यांनी उजवा हात मांडीखालून काढला, दोन्ही हातांनी कागद धरला, आणि उलटा फिरवला. मी सगळ्याची तयारी करून गेलो होतो, याची नाही. त्या बघत राहिल्या. खालच्या रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.

"कडा नाहीत," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ह्या खड्ड्यांना कडा नाहीत. आकार बघ की. हा बाहेरचा मार नव्हं. आतलं सगळं वाहून गेलं आणि वरचं छप्पर बसलं. ज्वालामुखीच आहे हा, ठोंब्या." त्यांचा आवाज चढला नव्हता. "इतक्या वर्षांत कोणी एकदाही सरळ धरून बघितलं नाही?"

"नाही."

"मीही नाही." कागद खाली ठेवला. "देवेंद्र कुठं होता?"

"रेवाडीला. बहिणीचा साखरपुडा होता. तुम्ही रजा दिली नव्हती. तो गैरहजर दिसू नये म्हणून सही मी केली."

"आणि नंतर? तोंड शिवलं होतं त्याचं?"

"मी शिवलं. हॉस्पिटलात."

त्यांनी पुढची शेंग उचलली. मला ते सहन होईना. "मारा मला, मॅडम."

"का? तुला हलकं वाटावं म्हणून?" पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तू तेव्हा बोलला असतास तर तुला मारलं असतं. तुझा कान गेला असता. हॉलमधून निघाले तेव्हा हात ठरलेला होता माझा. गाल कोणाचा, एवढंच ठरायचं होतं." मग म्हणाल्या, "तो कुठे असतो, माहितीये?"

"नोएडाला. फिजिक्सचे क्लास घेतो. त्याच्या फोटोचं होर्डिंग आहे, देवेंद्र सर म्हणून. माझ्या घराजवळच."

"किती वर्षं माहितीये?"

"तीन. मी दुसऱ्या रस्त्याने जातो."

स्टीलचं पातेलं माझ्या कानाजवळून गेलं आणि भिंतीवर आदळलं. मटार बाल्कनीभर उधळले. शेजारच्या बाल्कनीत एक डोकं डोकावलं आणि आत गेलं.

"पातेलं होतं," त्या म्हणाल्या, आणि बूट शोधायला लागल्या.

नोएडाला जाताना कॅबमध्ये त्यांनी मला सांगितलं, सूर्य माझा होता असं संस्थेला पत्र लिहायचं, अहवालातली ती ओळ बदलून घ्यायची, आणि ते झालं की त्यांच्याकडे यायचं. आधी नाही. मी हो म्हणालो. पत्र त्याच आठवड्यात लिहिलं. खणात ठेवलं. आज देतो, उद्या देतो. त्यांनी फोन केला नाही, मी गेलो नाही, आणि सप्टेंबरात शेजारच्या बाईंचा फोन आला. शोकसभेतही ते पत्र माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. खिशात ठेवून मी व्हील पान्याचा किस्सा सांगितला. काल ते दिलं. या लिखाणाची प्रतही मागोमाग देणार आहे.

म्हणजे मॅडम मला शेवटच्या दिसल्या त्या नोएडाला. क्लासची मधली सुट्टी होती. देवेंद्र रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीपाशी उभा होता, केस पांढरे झालेला, हातात कागदी कप. "तू इथेच थांब," मॅडम म्हणाल्या. "आधी माझं." कागदाची गुंडाळी घेऊन त्या रस्ता ओलांडून गेल्या आणि त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. काही बोलल्या. तो चहा पीत राहिला. परत बोलल्या. तो समोर बघत होता. त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावायला उजवा हात उचलला आणि तो हवेतच राहिला. तेव्हा त्यांना कळलं. कॅबच्या काचेतूनही मला ते कळणं दिसलं, फटका बसल्यासारखं त्यांचं डोकं मागे गेलं. मग त्या त्याच्या पाठीमागून, सावकाश, वळसा घालून उजव्या बाजूला आल्या.

देवेंद्रने त्यांना बघितलं. एक पाऊल मागे सरला, आणि त्याचा हात आपोआप डाव्या कानावर गेला. मॅडमनी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकमेकांत घट्ट अडकवले. त्या बराच वेळ बोलल्या. ई-रिक्षांच्या गोंगाटात मला एक अक्षर ऐकू आलं नाही. त्याचा हात कानावरून खाली कधी आला तेही दिसलं नाही, मधून बस गेली. मग त्याने टपरीच्या बाकावर कागद पसरला, फिरवला, बोटाने एक खड्डा दाखवून काही विचारलं. मॅडमनी वाकून उत्तर दिलं.

मग त्या सरळ झाल्या आणि रस्त्यापलीकडून माझ्या कॅबकडे बघितलं. ओठ हलले. ऐकू आलं नाही, पण अकरा वर्षं रोज ऐकलेला प्रश्न होता तो.

मी दार उघडून उतरलो आणि हात वर केला. मागून गाड्यांनी हॉर्न लावले. देवेंद्र बघत होता. मॅडमनी मान हलवली, रजिस्टरमध्ये टिक मारल्यासारखी, आणि पाठ फिरवून त्याच्या उजव्या बाजूने चालू लागल्या.